अर्ध्या पाणबुडीत तिघी

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मला पकडल्याचा आनंद कोणाला नको. लहानपणापासून वाटतो. ती माझ्याहून देखणी नाही, आणि माझ्या ताटातलं काढून कोणी तिला वाढलं असंही नाही. बापानं दोघींना एकाच शाळेत घातलं. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या एकाच खिळ्याला दोघींची दप्तरं लटकायची. ती शिकली, नर्स झाली, नागपूरला दवाखान्यात लागली, तिथंच दोन खोल्यांचं घर घेतलं, लग्न केलं नाही. मी दहावीला गणितात दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा परीक्षेला म्हणून निघाले ती मोहाची फुलं वेचायला गेले. नंतर कामासाठी बाहेरून दहावी काढली, ती गोष्ट वेगळी. म्हणजे माझं कोणी काही बिघडवलेलं नाही. बिघडवलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

मी मोहर्लीला गाइड आहे. ताडोब्याच्या जंगलात जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूला बसते आणि मागं बसलेल्या पाहुण्यांना जंगल दाखवते. लोक म्हणतात वाघ दाखवते, पण वाघ त्याच्या मर्जीनं दिसतो, मी फक्त कान उघडे ठेवते. चितळ ओरडलं, वानर खोकललं, की मी हात बाहेर काढून गाडीच्या पत्र्यावर दोनदा मारते. दोनदा म्हणजे थांब. तोंडानं सांगायचं नाही, कारण तोंड उघडलं की मागचे सगळे 'कुठं, कुठं' करत उभे राहतात. इतक्या वर्षांत तो हात माझा राहिलेलाच नाही, आपला आपण जातो. एकदा चंद्रपूरहून एसटीनं येताना रस्त्याच्या कडेला रानगवा दिसला, तर मी एसटीच्या पत्र्यावर दोनदा हात मारला आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या.

मला एकच पोरगी. मागच्या मार्चात तिची दहावीची परीक्षा संपली आणि दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"बाई," ती मला बाईच म्हणते, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात, "पोरीले अकरावीले माझ्याकडं पाठवून दे. सायन्स घेऊ दे तिले. माझं घर रिकामंच राह्यते."

"चंद्रपूरले कॉलेज नाई का?"

"हाये ना, मी कुठी नाई म्हणतो. तिलेच विचारू. पण फोनवर नाई. मी तिकिटं काढून राह्यली, आपण तिघी अंदमानले जाऊ. तिथी निवांत बसून विचारू. ती म्हणन तसं."

ती म्हणेल तसं. याचीच मला भीती होती. पोरगी मावशीवर जीव टाकते. मी तिला जन्म दिला, तिचा ताप उतरवला, धुळीतला वाघिणीचा पंजा आणि वाघाचा पंजा वेगळा ओळखायला शिकवलं, आणि ही बोलायला लागली की सुरुवात 'मावशी म्हणते' अशी करते. मावशी म्हणते रात्री भात कमी खावा. मावशी म्हणते नखं अशी कापावी. मावशी वर्षातून चार वेळा येते, पिशवीभर वस्तू आणते, पोरीचे केस विंचरते आणि जाते. उरलेल्या तीनशे दिवसांत त्याच केसांतल्या उवा मी काढते, पण उवांचं कोणाला कौतुक असतं?

नवऱ्याला म्हटलं, ती पोरीला नेणार. तो म्हणाला, "नेईन तं नेईन. नागपूर का अमेरिकेत आहे?" बाप्यांना या गोष्टी कळत नाहीत आणि समजावण्यात अर्थ नसतो. एप्रिल म्हणजे आमचा खरा हंगाम, पाणवठे आटतात आणि जनावर पाण्यावर येतं. माझ्या पाळ्या मी दुसऱ्या गाइडबायांना देऊन टाकल्या. त्यांनी विचारलं, "तिथी का पाह्यशीन?" मी म्हटलं, "पाणबुडीत बसून समुद्राच्या आत जाऊन राह्यली." त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. दुसऱ्याला जळवताना इतकं गार वाटतं हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी दुसऱ्या बाजूला असायचे.

पाणबुडी ही पोरीची मागणी होती. तिनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता, त्यात काचेच्या पलीकडून भलंमोठं कासव पोहत जातं. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, मले ते कासव पाह्यचं आहे. मी म्हटलं, इरई धरणात कमी कासवं आहेत का? तर म्हणे, "आई, ते वेगळं." मावशीनं मात्र लगेच पाणबुडीची तिकिटंही काढली. आता तिनं नसती काढली तरी मी तिला नावं ठेवलीच असती, हे मला कळतं.

नागपूरच्या विमानतळापासूनच माझा पापड मोडायला सुरुवात झाली. बहिणीला सगळं ठाऊक. पट्टा कसा लावायचा, पिशवी कुठं ठेवायची, चहा कोणाला मागायचा. पोरगी तिच्या मागं मागं आणि मी पोरीच्या मागं. जंगलात सगळे माझ्या मागून येतात. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा रांगेत शेवटची होते. विमानात खिडकीची जागा बहिणीनं मला दिली. मी ढगांकडे बघत बसले आणि पलीकडे त्या दोघी एकाच इअरफोनचं एक एक टोक कानात घालून हसत राहिल्या. काय ऐकताय म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मलाही दिलं असतं, आणि मग मला चिडायला काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं एका लहान बेटावर गेलो. पाणबुडी तिथून सुटायची. ती दिसली आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या, कारण ती पाणबुडी नव्हतीच. वरून साधी पिवळी बोट. खाली पोटात उतरायला जिना, आणि त्या पोटाला पाण्याच्या पातळीखाली दोन्ही बाजूंनी काचा. बोट तरंगणार, आपण फक्त पोटात बसून बाहेर बघायचं. मी बहिणीला म्हटलं, "हे तं अर्धीच बुडते वो."

"अर्धी तं अर्धी," ती म्हणाली. "पुरी बुडली असती तं तू बसली असती का?"

पोरगी हसली. कोणाच्या बोलण्यावर हसली हे मला बरोबर कळलं.

आत उतरलो तर हिरवट उजेड, डिझेलचा आणि रंगाचा वास, आणि डोकं खाली घालून चालावं लागेल इतकं बुटकं छत. खाली एक पन्नाशीचा माणूस होता, दाखवण्याचं काम त्याचं. सगळे बसल्यावर त्यानं हिंदीत सूचना दिल्या. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, काचेवर बोटं वाजवायची नाहीत, आणि कासव दिसेलच असं नाही, ते समुद्राच्या हातात आहे. मी ऐकतच राहिले. शब्द बदलून रोज सकाळी मी हेच बोलते. शेवटचं वाक्य तर मी जेवढं गंभीर तोंड करून बोलते तेवढंच गंभीर तोंड करून तो बोलला. त्याच्याही कामाचा मला थोडा हेवा वाटला, कारण त्याला उन्हात जावं लागत नव्हतं.

एका काचेसमोर दोघांना बसायची जागा होती. आम्ही तिघी. म्हणजे एकीला पुढच्या काचेशी परक्या माणसाबरोबर बसावं लागणार. मी पोरीकडे बघितलं. ती आधीच मावशीच्या बाजूला बसून काच पुसत होती. तिनं मुद्दाम केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं विचारसुद्धा केला नव्हता. मी पुढच्या काचेशी एका म्हाताऱ्या बंगाली काकांच्या बाजूला बसले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि पूर्ण वेळ ते उघडले नाहीत.

बोट हलली. काचेपलीकडे आधी नुसतं गढूळ हिरवं, मग हळूहळू तळ दिसायला लागला. प्रवाळ रंगीबेरंगी असतात असं ऐकलं होतं, मला तर अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांसारखे पिवळट-तपकिरी दिसले. मासे असतील म्हणून मी डोळे ताणले. मला काही दिसेना. मोहर्लीच्या बांबूत नुसतं शेपटीचं टोक हललं तरी मला दिसतं, आणि इथं हातभर अंतरावरचं दिसेना. जंगलात मी आधी ऐकते आणि मग बघते. इथं ऐकायला नुसतं इंजिन.

मागून बहिणीचा आवाज यायला लागला. तिच्या हातात माशांच्या चित्रांचा कागद होता, त्या माणसानं सगळ्यांना दिला होता. माझा मी घडी करून मांडीखाली ठेवला होता.

"तो पाह्य, निळा. खाली, दगडाच्या बाजूनं. दिसला?"

"हो मावशी, दिसला, दिसला."

"अन् तो पट्ट्यावाला. तो पोपट मासा, चोच पाह्य त्याची."

"आई, तुले दिसला का पोपट मासा?" पोरीनं मागून विचारलं.

"दिसला," मी म्हटलं. दिसला नव्हता. दाखवणं हे माझं काम. ते मला येतं, जगात मला एवढंच येतं, आणि तेसुद्धा बहिणीनं कागद बघून दहा मिनिटांत उचललं होतं. त्यात ती माझ्यासारखीच हळू आवाजात बोलत होती. तिला मी आयुष्यभर पाण्यात पाहिलं, पण त्यासाठी खरोखर समुद्रात उतरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मी मनाशी ठरवलं की आता काहीही होवो, कासव मी दाखवीन. मासे तिचे, कासव माझं. चेष्टा नाही करत, मी तेव्हा अगदी असंच ठरवलं. पोरगी ज्याच्यासाठी इतक्या दूर आली ते तिला आईनं दाखवलं, एवढं झालं असतं की मग दुपारी तिला काय विचारायचं ते विचारा, मला भीती नव्हती. मी माशांकडे बघायचंच सोडलं. वाघ शोधताना आपण झाडं बघत नाही, झाडांच्या मधली जागा बघतो. तसं मी प्रवाळांच्या मधली वाळू बघायला लागले, आणि थोड्या वेळानं मला दिसलं. पुढच्या बाजूला एका कपारीच्या सावलीत दगडासारखं काहीतरी होतं, आणि त्या दगडानं मान हलवली. माझी काच पुढं होती, म्हणून ते फक्त मला दिसलं होतं. दाखवणाऱ्या माणसालाही नाही, बहिणीलाही नाही.

नुसतं मागं वळून पोरीला खुणावायचं होतं. पण हात माझ्या आधी गेला. बाजूच्या पत्र्यावर मी दोनदा हात मारला, आणि रोज मारते तसा नाही, चांगला जोरात. बोटीच्या पोटात तो आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमला.

आता गंमत अशी की दोनदा म्हणजे थांब, हे फक्त आमच्याच जिप्सीत नाही. तो खालचा माणूसही वरच्या चालकाला तसंच सांगत असणार, कारण इंजिन त्याच क्षणी बंद झालं. थांबल्याबरोबर बोट लाटांवर आडवी-तिडवी हलायला लागली. एक बाई ओकारी येते म्हणून ओरडली, कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं, बंगाली काका डोळे मिटूनच काहीतरी पुटपुटू लागले. मी काचेकडे बघितलं. कपार रिकामी होती. वाळू तेवढी वर उडालेली, आणि आजूबाजूचा एकही मासा जागेवर नव्हता.

"आई, का होतं? का होतं तिथी?" पोरीनं विचारलं.

"कासव," मी म्हटलं.

ती काचेला नाक लावून बघत राहिली, आणि मग नाक काढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो माणूस वाकत वाकत आमच्यापर्यंत आला. चेहरा लाल झाला होता. "किसने मारा? किसने हाथ मारा?" पर्यटकांना मी रोज सांगते की आवाज करू नका, जनावर एकदा गेलं की गेलं. आवाज करणारा सापडला की मी त्याच्याकडे कशी बघते ते मला माहीत आहे. तीच नजर घेऊन तो माझ्याकडे वळत होता. मी तोंड उघडलं.

"मैंने," बहीण म्हणाली. हात वर करून, वर्गात करतात तसा. "मुझे घबराहट हो गई थी, भैया. सॉरी."

"पढ़ी-लिखी लगती हैं आप," तो म्हणाला, आणि पुढं बरंच काही म्हणाला. सगळे तिच्याकडे बघत होते. ती मान खाली घालून ऐकत राहिली. पोरगीही तिच्याकडेच बघत होती, कारण हात कोणाचा होता ते पोरीला माहीत होतं, माझी थाप ती ओळखणार नाही असं व्हायचं नाही.

मला बहिणीचे उपकार वाटायला हवे होते. खरं सांगते, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चूक माझी, आणि त्यातही पोरीच्या नजरेत मोठी झाली ती. माझ्या चुकीतसुद्धा तिनं माझ्यासाठी जागा ठेवली नाही. इंजिन पुन्हा सुरू झालं, बोट पुढं गेली, आणखी मासे आले असतील. मी मांडीवरच्या हाताकडे बघत बसले. तळवा लाल झाला होता.

किनाऱ्यावर उतरलो. पोरगी पाय धुवायला नळावर गेली. नारळवाल्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी म्हटलं, "तुले कोणी सांगतलं होतं मधात पडाले? मी बोलणार होती."

"तू बोलली असती तं रडली असती," ती म्हणाली. "पोरीसमोर रडली असती."

हे खरं होतं. तिनं नारळातलं पाणी थोडं प्यायलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुझा हात आपोआप जाते म्हणते तू. नेहमीच नाई जात."

"म्हणजे?"

"बांबूत वाघीण होती, त्या दिवशी नाई गेला."

 तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सुट्टीत आली होती, मी तिला सफारीला नेलं, मागं ती एकटीच होती. सकाळी निघताना पोरगी माझ्या हातातून फणी घेऊन वेणी घालायला मावशीकडे गेली होती. एवढंच झालं होतं, दुसरं काही नाही. अर्ध्या तासानं एका वळणावर बांबूच्या बेटात मला वाघीण दिसली. आडवी पडली होती, नुसता एक कान हलला. ड्रायव्हरला दिसली नाही. माझा हात पत्र्यावर होता, आणि तो मी तिथंच ठेवला. गाडी पुढं गेली. माझ्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. पाहुण्यापासून वाघ लपवला असं कळलं तर बाकीच्या बाया माझ्याशी बोलणार नाहीत. त्या दिवशी तिला दोन मोर आणि एक डुक्कर दिसलं, आणि घरी येऊन ती पोरीला सांगत होती, काय सुंदर मोर होते म्हणून.

"तुले दिसली होती?" मी विचारलं.

"कान दिसला. मग तुझ्याकडं पाह्यलं. तुलेही दिसली होती."

"मंग काऊन नाई बोलली?"

"तुले दाखवायची नव्हती," ती म्हणाली. "मंग मी काऊन पाहू?"

तीन वर्षं. तीन वर्षं ती त्या गोष्टीवर बसून होती. दर वेळी आली, पिशव्या आणल्या, माझ्या हातचं जेवली, आणि अवाक्षर काढलं नाही. माझं पापसुद्धा तिनं माझ्याहून नीट सांभाळलं होतं. मला शरम वाटली, आणि शरमेच्या आत पुन्हा तोच जुना जळफळाट, की इतकी चांगली कशी काय असते ही बाई, आणि आमच्या एकाच घरातून मला त्यातलं काहीच कसं मिळालं नाही. मी तिला माफ कर म्हणणार होते. म्हणायला लागले तेवढ्यात पोरगी ओल्या पायांनी आली आणि आमच्या मधात बसली.

बहिणीनं वेळ घालवला नाही. "बेटा, तुले एक विचारायचं आहे. तुझी आई अन् मी, दोघी बसून आहो, दोघींसमोर सांग. अकरावी नागपूरले करशीन का चंद्रपूरले?"

पोरीनं माझ्या मांडीवरच्या तळव्याकडे बघितलं, तो अजून लाल होता. मग पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत म्हणाली, "चंद्रपूरलेच घेतो ॲडमिशन. नागपूरले मले करमणार नाई, मावशी. गर्दी राह्यते."

"बरं," बहीण लगेच म्हणाली. "चांगलं आहे. घरून जाणं-येणं होते." आणि रिकामे नारळ टाकायला म्हणून उठली. टोपली आमच्या पायाशीच होती, पण ती नारळ घेऊन पार पाण्याच्या बाजूला चालायला लागली.

मी जिंकले होते. लपवत नाही, आधी मला आनंदच झाला. आत काहीतरी फुलल्यासारखं झालं. घरी गेल्यावर नवऱ्याला कसं सांगायचं, बायांना कसं सांगायचं, इथपर्यंत मी जाऊन आले. पोरीला जवळ घ्यावं म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ ताठ होती.

मग मी तिच्याकडे नीट बघितलं. तोंड हसरं होतं आणि डोळे पाण्याच्या बाजूला, मावशीच्या पाठीवर. जी पोरगी नागपूरच्या बाजारात मला ओढत फिरते तिला गर्दी नको झाली होती. अर्ध्या तासापूर्वी बोटीत मावशीनं जे केलं, तेच आता ती करत होती. माझ्या अंगावर येणारं आपल्या अंगावर घेत होती. मला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून पोरगी खोटं बोलत होती, आणि ते शिकली होती तिच्याकडून. माझ्याजवळ राहायचं म्हणते तेही मावशीसारखं वागून. कोणीही जळालं असतं.

मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. बहिणीला दिसलं असतं कदाचित, पण ती बोलली नसती, तेवढी तिची मला आता खात्री होती. चंद्रपूरचं कॉलेज वाईट नाही. पोरगी रोज संध्याकाळी घरी आली असती. चार-सहा महिन्यांत विसरलीही असती. मी इतका वेळ बसून राहिले की पोरगी म्हणाली, "आई, का झालं?"

बाक पत्र्याचा नव्हता, लाकडाचा होता. त्यामुळं तोंडानंच सांगावं लागलं. मी बहिणीला हाक मारली. ती वळली. डोळे पुसून वळली ते मला दिसलं.

"इकडं ये," मी म्हटलं. "तिले नागपूरलेच यायचं आहे."

"बाई, तिनं आत्ताच सांगतलं ना."

"ते नको ऐकू. तोंडाकडं पाह्य तिच्या. मले दिसून राह्यलं."

बहिणीनं बघितलं. आधी पोरीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा पोरीकडे. पोरीनं मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. "जाय," मी म्हटलं, "खोटं बोलाले तुले येत नाई."

पोरगी उठली आणि पळत जाऊन मावशीच्या गळ्यात पडली. माझ्याकडेही आली, पण नंतर.